लाइनचा स्पीड वाढवू की आधी यील्डचं बघू? चिकन प्रोसेसिंगवाल्यांनी सांगा

लाइन_नंबर_दोन
नमस्कार मंडळी. आमचा मध्यम साइजचा प्लांट आहे, लाइन तासाला १५०० पक्ष्यांवर लावलेली, आठ तासांची एक शिफ्ट. आतडी काढायचं काम हाताने आणि डिबोनिंग (हाडापासून मांस सोडवणं) पण हातानेच. आता मालकांच्या डोक्यात बसलंय की ऑटोमॅटिक इव्हिसरेशन म्हणजे आतडी काढायचं मशीन घ्यायचं आणि लाइन २००० वर न्यायची, म्हणजे पक्ष्यामागे खर्च कमी होईल. मशीनवाला प्रेझेंटेशन देऊन गेला, स्लाइडवर काय सगळं छानच दिसतं. पण माझा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकलाय, यील्ड म्हणजे ड्रेसिंगचा टक्का (जिवंत वजनातून किती साफ माल निघाला तो) एक दिवस ७३ येतो आणि दुसऱ्या दिवशी ७०, माणसं तीच, लाइन तीच, पक्षीही साधारण दोन किलोचेच. हे ३ टक्के कुठे मुरतात तेच कळेना, आणि अशात स्पीड वाढवला तर घोळ पण त्याच स्पीडने वाढायचा. आधी कुठे हात घालू?

जुना_शिफ्टवाला
आधी हे सांगा, टक्का मोजता कुठे? पाण्याचा चिलर (माल गार करायची थंड पाण्याची टाकी) असेल आणि तुम्ही चिलरच्या बाहेर वजन करत असाल तर तुम्ही मांस मोजत नाही आहात, मांस अधिक पाणी मोजताय. एखाद्या दिवशी लाइन अडली, माल चिलरमध्ये जास्त वेळ राहिला की टक्का आपोआप वर आणि सगळे खूश, मग तेच पाणी पॅकिंगच्या पिशवीत गळतं आणि कस्टमर ओरडतो. मी स्वतः सहा महिने असल्या खोट्या टक्क्यावर मिशीला पीळ देत बसलो होतो. चिलरच्या आधी काटा लावा, शंभर पक्षी रोज, बास.

दुसरं म्हणजे जिवंत वजन. ते फार्मवर घेता की प्लांटच्या गेटवर? खाद्य बंद केल्यावर पहिले काही तास सोडले तर पक्षी तासाला ०.२ ते ०.५ टक्के वजन सोडतो, म्हणजे दोन किलोचा पक्षी ४ ते १० ग्रॅम. फार्मच्या काट्यावर पैसे मोजले आणि गाडी तुमच्या गेटवर चार तास उभी राहिली तर ती घट तुमच्या खिशातून. वर उन्हात उभी असेल, पंखे नसतील, तर गाडीतली मर वेगळीच.

आणि मशीन घ्यायच्या आधी फुकटातलं एक काम करा, लाइनसमोर उभं राहून रिकामी शॅकल (पक्षी टांगायचे आकडे) मोजा. शंभरात सहा रिकामी जात असतील तर १५०० ची लाइन खरी १४१० चीच आहे. मिनिटाला २५ पक्षी धरले तर दहा मिनिटं लाइन थांबली की २५० गेले. हे ज्या दिवशी लिहून ठेवायला लागाल त्या दिवसापासून कमी व्हायला लागेल, आमच्याकडे तर नुसती वही टांगली तरी फरक पडला, माणसं घाबरतात वहीला.

क्यूसीताई
दादांचं पाण्याचं एकदम बरोबर. पण मला ७० वाल्या दिवशी पक्ष्याच्या पोटात काय असतं ते बघायचंय. खाद्य काढल्यापासून कटिंगपर्यंत ८ ते १२ तास हवेत, पाणी मात्र पकडणी सुरू होईपर्यंत चालू ठेवायचं, नाहीतर क्रॉपमधलं (गळ्याजवळच्या पिशवीतलं) खाद्य खाली सरकतच नाही. वेळ कमी पडला की भरलेल्या क्रॉपचं वजन तुम्ही पक्ष्याच्या दराने विकत घेता आणि टक्का पडतो, शिवाय आतडी फुटून माल घाण होतो तो धुण्यात आणि ट्रिमिंगमध्ये जातो. उलट फार उपाशी राहिला तरी वाईटच, आतडं इतकं नाजूक होतं की बोट लागलं तरी फाटतं, पित्ताची पिशवी फुगलेली असते, ती फुटली की कलेजी हिरवी. उपाशी पक्षी शेडमध्ये खाली पसरलेलं तूसही खातो, गिझार्ड (दळणारं जठर) चिरलं की आत सापडतं बघा.

त्यामुळे कुठल्या फार्मची बॅच, फीडर किती वाजता उचलले, हे गाडीसोबत कागदावर यायला पाहिजे. तोंडी विचारलं की सगळेच "झाले की दहा तास" म्हणतात 😄

अजून एक, स्कॅल्डर, म्हणजे पिसं सैल करायची गरम पाण्याची टाकी. हार्ड स्कॅल्ड असेल तर ५८ ते ६२ डिग्री आणि ४५ ते ९० सेकंद, सॉफ्ट असेल तर ५० ते ५३ आणि दोन-तीन मिनिटं. पॅनेलवरचा आकडा धरून चालू नका, हातातला थर्मामीटर घेऊन टाकीत तीन ठिकाणी मोजा. आमच्या एका टाकीत एका कोपऱ्यात ३ डिग्री जास्त निघाले होते, ब्रेस्टवर पांढरट शिजल्यासारखे पट्टे यायचे आणि आम्ही प्लकरला (पिसं काढायच्या मशीनला) शिव्या घालत होतो. प्लकरची रबरी बोटं पण बघा, झिजली की लोक मशीन जवळ सरकवतात आणि मग पंख मोडायला लागतात.

सुरीधार
सगळे पुढच्याच भागाचं बोलतायत, पैसा खरा डिबोनिंगच्या टेबलावर जातो भाऊ. शिफ्ट संपल्यावर सांगाड्यांच्या क्रेटमधून डोळे मिटून दहा सांगाडे उचला आणि चमच्याने खरवडून वजन करा, नंतर कुणाच्या टेबलावरचे ते बघा. विशबोनजवळ (गळ्याजवळचं V आकाराचं हाड) आणि फासळीवर गुलाबी थर दिसला की समजायचं सुरी बोथट आहे नाहीतर पोरगा नवीन आहे. पक्ष्यामागे २० ग्रॅम राहिले तर तुमच्या १२००० पक्ष्यांवर दिवसाला २४० किलो होतात, ते तुम्ही ब्रेस्टऐवजी सांगाड्याच्या भावाने विकताय. मला विचाराल तर मशीनच्या आधी धार लावायला एक माणूस ठेवा फक्त त्याच कामाचा. बोथट सुरीने मनगट दुखतं, दुखतं म्हणून माणूस घाई करतो.

आणि कापल्याबरोबर लगेच डिबोन करू नका, चार-सहा तास तरी जाऊ द्या नाहीतर ब्रेस्ट चिवट लागतं. हे उगाच यील्डच्या नादात विसरतात लोक.

कंप्रेसरमामा
मी थोडं उलट बोलतो, मशीनला इतकं नावं ठेवू नका. हाताने आतडी काढायला माणसं टिकत नाहीत, दर महिन्याला नवीन पोरं शिकवायची त्याचा खर्च कोण धरतं? फक्त मशीन एका साइजवर सेट असतं हे लक्षात ठेवा, एकाच बॅचमध्ये दीड किलोचा आणि अडीच किलोचा पक्षी आला की मशीनचा आतडी ओढणारा चमचा एकाला लागत नाही आणि दुसऱ्याची आतडी फाडतो. बॅच एकसारखी येत नसेल तर आधी फार्मवाल्यांशी बोला.

आणि जमलं तर कूलिंगचा कंडेन्सर धुऊन घ्या, कोल्ड रूमच्या दाराचं रबर बघा. कंप्रेसरची गरमी बाहेर हवेत सोडण्यापेक्षा स्कॅल्डरचं पाणी आधी कोमट करायला वापरता येते, बॉयलरचं इंधन वाचतं.

लाइन_नंबर_दोन
दोन आठवड्यांनी येतोय, सॉरी. चिलरच्या आधी काटा लावला. आमच्या ३ टक्क्यांतला निम्म्याहून जास्त फरक तिथेच गायब झाला, म्हणजे दादा म्हणतात तसं पाणीच होतं ते. ज्या दिवशी ७३ यायचा त्या दिवशी डिबोनिंग मागे पडलेलं असायचं आणि माल चिलरमध्ये पडून राहायचा, आम्ही त्याच दिवशी एकमेकांची पाठ थोपटत होतो, काय बोलायचं.

राहिलेल्या फरकासाठी क्यूसीताईंचं ऐकून शॅकलवर टांगताना पक्ष्यांची क्रॉप दाबून बघायला लागलो. परवा एका गाडीतले बरेचसे पक्षी हाताला टच्च भरलेले लागले, एक कापून बघितलं तर ओला मका तसाच. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणे पकडणारी टोळी लवकर आली, फीडर तेव्हाच उचलले. सांगाडे पण खरवडले, सहा टेबलं ठीक आहेत, दोन टेबलांवर गडबड आहे, त्यातला एक आमचा सगळ्यात फास्ट माणूस निघाला, ज्याला दर महिन्याला बोनस देतो आम्ही!

मशीनचं मालकांना म्हटलं तीन महिने थांबा, थोडे तोंड वाकडं करून का होईना थांबलेत. आता प्रश्न असा की त्या फास्ट माणसाला काय सांगू, बोनस संख्येवर आहे, तो चुकीचं काहीच करत नाहीये ना.

सुरीधार
त्याला काही सांगू नका, बोनसचा हिशोब बदला. किती पक्षी सोडवले त्यावर अर्धा आणि सांगाड्यावर किती राहिलं त्यावर अर्धा. पहिला आठवडा चिडेल. आणि खरवडायचं काम त्याच्या समोर करा, त्याच्याच हातात चमचा द्या.