बाण पुरे की नकाशा हवा?

रॉयल एन्फील्डच्या बाइकवरचा जुना ट्रिपर (फोनला जोडून रस्ता दाखवणारा छोटा डिस्प्ले) पुरेल की त्यांच्याच हिमालयन ४५० बाइकचा नवा डॅश (मीटरचा स्क्रीन) हवाच, असं एकाने विचारलंय म्हणून लिहितो. जुन्यात (२०२० ला मीटिअर ३५० सोबत आला तो) फक्त बाण आणि पुढचं वळण किती लांब एवढंच दिसतं, पण हायवेला खरं सांगायचं तर तेवढंच लागतं, नजर रस्त्यावर राहते. नव्यात ४ इंची गोल स्क्रीनवर अख्खा गुगल मॅप येतो, पुण्याच्या पेठांत नाहीतर फ्लायओव्हरखालच्या फाट्यांवर बाण बघून गोंधळ होतो तिथे नकाशा भारी पडतो. पण दोन्हींना फोन लागतोच, नव्यात तर फोनची बॅटरीही भराभर उतरते, चार्जिंगची सोय आधी बघा. नुसत्या स्क्रीनसाठी गाडी बदलू नका राव!