कुराणात दुसऱ्या धर्माच्या लोकांबद्दल नक्की काय सांगितलंय?

हिंगणा_रोड

नमस्कार मंडळी. बरेच दिवसांपासून डोक्यात आहे म्हणून विचारून राहिलो. आमच्या फॅमिली ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी कुराणाच्या आयती येतात, कधी "जिथे सापडतील तिथे मारा" वाली, तर कधी कोणीतरी उत्तर म्हणून "धर्मात जबरदस्ती नाही" टाकतो, मग भांडण, मग दोघंजण ग्रुप सोडतात. एमआयडीसीत माझ्यासोबत शिफ्टला असलेला मित्र मुसलमान आहे, एका डब्यात जेवतो आम्ही, त्याच्या घरी ईदला जातो. त्याला विचारायला संकोच वाटतो, म्हणजे तू मला काय समजतोस असं विचारल्यासारखं होईल. मराठी भाषांतर आणून स्वतःच वाचायला घेतलं तर नवव्या सूरहमधली (म्हणजे अध्यायातली) ५ वी आयत, तीच "जिथे सापडतील" वाली, वाचून धक्का बसला, आणि ६० व्या सूरहमधली ८ वी वाचली तर एकदम वेगळंच. दोन्ही एकाच ग्रंथात कसं काय? आणि मी हिंदू, मग मला कुठली लागू? कृपा करून शिवीगाळ नको, ज्यांनी वाचलंय त्यांनीच लिहा.

मोमिनपुरा_मास्तर

भाऊ, चांगला प्रश्न आहे. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि घरी लहानपणापासून कुराण वाचतो, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो.

९:५ (म्हणजे ९ वी सूरह, ५ वी आयत) एकटी वाचूच नका. तिच्या आधीची ४ थी आणि नंतरची ६ वी अशा तिन्ही सोबत वाचा. ४ थी सांगते की ज्या मूर्तिपूजकांशी तुमचा करार आहे आणि ज्यांनी तो मोडला नाही, तुमच्याविरुद्ध कोणाला मदत केली नाही, त्यांचा करार मुदत संपेपर्यंत पाळा. ६ वी सांगते की त्यांच्यापैकी कोणी आसरा मागितला तर द्या, त्याला अल्लाहचं म्हणणं ऐकू द्या आणि मग सुरक्षित जागी पोचवून द्या. आता सांगा, सगळ्यांना मारायचंच असतं तर सुरक्षित पोचवायचं कोणाला?

मामला असा होता की ६२८ मध्ये हुदैबियाला मक्केच्या कुरैश लोकांशी तह झाला. कुरैशांच्या बाजूच्या बनू बक्र टोळीने मुसलमानांच्या बाजूच्या खुजाआ टोळीवर हल्ला केला, तह मोडला, ६३० मध्ये मक्का मुसलमानांच्या हाती आली. त्यानंतरच्या वर्षी हजला हे जाहीर केलं गेलं, तेही चार महिन्यांची मुदत देऊन. म्हणजे अरबस्तानातल्या त्या टोळ्या आणि त्यांचं ते युद्ध. हिंगण्यात तुमच्यासोबत डबा खाणाऱ्या माणसाला त्यात हुकूम नाही.

६०:८ मात्र सरळ वागणुकीबद्दल आहे. ज्यांनी धर्मावरून तुमच्याशी लढाई केली नाही आणि तुम्हाला घरातून हाकललं नाही त्यांच्याशी भलेपणाने आणि न्यायाने वागायला अल्लाह मना करत नाही, न्यायाने वागणारे त्याला आवडतात. पैगंबरांचे जवळचे साथी हजरत अबू बक्र यांची मुलगी अस्मा, तिची आई मुसलमान झाली नव्हती, ती तहाच्या काळात मुलीला भेटायला मदिनेला आली. अस्माने पैगंबरांना विचारलं की आईशी नातं ठेवू का, ते म्हणाले हो ठेव. बुखारी या संग्रहात आहे ही हदीस, म्हणजे पैगंबरांची आठवण. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

धरमपेठ_वाचक

मास्तर, तुम्ही मनापासून लिहिलंय हे दिसतंय, पण मला हे अर्धंच वाटतं. मीही अख्खं भाषांतर वाचलंय. ३:८५ म्हणते की इस्लामखेरीज दुसरा धर्म धरला तर तो स्वीकारला जाणार नाही. ४:४८ म्हणते की शिर्क, म्हणजे देवासोबत दुसऱ्याला भागीदार करणं, माफ होणार नाही. ९८:६ मध्ये तर न मानणाऱ्या ग्रंथधारकांना (म्हणजे ज्यू आणि ख्रिश्चनांना) आणि मूर्तिपूजकांना नरक सांगितलाय. ९:२९ मध्ये ग्रंथधारकांशी लढा, ते नमून जिझिया (बिगर-मुसलमानांवरचा कर) देईपर्यंत. ५:५१ मध्ये ज्यू आणि ख्रिश्चनांना जवळचे करू नका. आणि ६२७ मध्ये मदिनेतल्या बनू कुरैझा या ज्यू टोळीच्या पुरुषांना मारलं गेलं, बायका-मुलांना गुलाम केलं गेलं, हे इस्लामच्या जुन्या चरित्रग्रंथांतच लिहिलेलं आहे, कोणा विरोधकाचं नाही. शिवाय नंतर आलेल्या आयतीमुळे आधीच्या मवाळ आयती रद्द झाल्या असं कित्येक जुन्या भाष्यकारांनीच म्हटलंय. ज्याने प्रश्न विचारलाय त्याला हेही कळायला हवं, गोड गोड तेवढं सांगून उपयोग नाही.

मोमिनपुरा_मास्तर

ताई, तुम्ही लिहिलेल्या आयती आहेतच, मी त्या लपवत नाही आणि लपवणं मला पटतही नाही. कुराणाच्या नजरेत शिर्क सगळ्यात मोठं पाप आहे. कोणी म्हणत असेल की सगळे धर्म सारखेच असं कुराण सांगतं, तर मला ते प्रामाणिक वाटत नाही. २:६२ मध्ये ज्यू, ख्रिश्चन, साबी (त्या काळचा एक धर्मपंथ) यांच्यातल्या देव आणि शेवटचा दिवस मानणाऱ्या, चांगली कामं करणाऱ्यांना भीती नाही असं आहे, पण तिचा अर्थ ३:८५ सोबत कसा लावायचा यावर विद्वानांत मोठा वाद आहे, मौलाना आझाद एक सांगतात, बहुतेक जुने भाष्यकार दुसरं.

पण हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत आणि ग्रुपवर नेहमी त्यांची खिचडी होते. एक, अल्लाहच्या दरबारात त्याच्या श्रद्धेचं काय होईल. दोन, इथे जमिनीवर मी त्याच्याशी कसं वागू. पहिल्याचा निकाल कुराण माणसाच्या हाती देत नाही. २२:१७ मध्ये मुसलमान, ज्यू, साबी, ख्रिश्चन, अग्निपूजक आणि मूर्तिपूजक अशी सगळ्यांची नावं घेऊन म्हटलंय की कयामतच्या दिवशी अल्लाह त्यांच्यात निवाडा करेल. ३१:१५ मध्ये तर आईबाप तुला शिर्क करायला लावत असतील तर त्यांचं ते ऐकू नको, पण दुनियेत त्यांच्याशी चांगलं वाग. श्रद्धेवर कडक आणि वागणुकीत भलेपणा, हे दोन्ही एकाच आयतीत. १०:९९ मध्ये खुद्द पैगंबरांना विचारलंय की तू लोकांवर मुसलमान होईपर्यंत जबरदस्ती करशील का.

५:५१ बद्दल, त्याच सूरहच्या ५ व्या आयतीत ग्रंथधारकांचं अन्न खायला आणि त्यांच्या स्त्रियांशी लग्न करायला परवानगी आहे. ज्या घरातून बायको आणली त्या घराशी वैर धरायचं असा अर्थ कसा निघेल? लढाईच्या दिवसात कोणाच्या गोटात जायचं, त्याची ती गोष्ट आहे.

रद्द होण्याचं म्हणाल तर जुन्या काही विद्वानांनी शंभराच्या वर आयती रद्द सांगितल्या हे खरं. नंतरचे विद्वान सुयूती यांनी त्या वीसच्या आसपास आणल्या, अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाहांनी फक्त ५ ठेवल्या. म्हणजे "मवाळ आयती सगळ्या गेल्या" हे एकमत कधीच नव्हतं.

बनू कुरैझाबद्दल, मदिनेला वेढा पडला त्या वेळी त्यांनी शत्रूशी हात मिळवला असं आमच्या ग्रंथांत कारण दिलंय आणि निकाल त्यांचेच जुने मित्र साद बिन मुआझ यांनी दिला. तरी ते वाचताना जड जातं, मलाही जातं. जिझियाही आज कुठल्या शब्दात समर्थन करायची गोष्ट नाही, तो त्या काळच्या राज्याचा कर होता, सैन्यात न जाणाऱ्या पुरुषांवर. अकबराने १५६४ मध्ये काढला, औरंगजेबाने १६७९ मध्ये परत बसवला. आज आपण एका संविधानाखाली बरोबरीचे नागरिक आहोत. मौलाना हुसैन अहमद मदनींनी १९३८ मध्ये फाळणीच्या विरोधात हेच मांडलं, आणि आधार घेतला पैगंबरांच्या काळातल्या मदिनेच्या कराराचा, ज्यात ज्यूंना त्यांचा धर्म आणि मुसलमानांना त्यांचा असं म्हणून दोघांना एका समुदायात धरलंय.

इंदोरा_१४

मास्तर सर जयभीम. चर्चा चांगली चालू आहे पण सगळं ज्यू आणि ख्रिश्चन यांच्यावरच. आमच्यासारखे बौद्ध, जैन, हिंदू यांचं तर कुराणात नावच नाही ना? मग आम्हाला मूर्तिपूजक धरायचं की ग्रंथवाले?

मोमिनपुरा_मास्तर

जयभीम भाऊ. नाव नाही हे बरोबर. पण ३५:२४ म्हणते की असा एकही समाज नाही ज्यात सावध करणारा आला नाही, आणि ४०:७८ म्हणते की काही पैगंबरांची हकिकत तुला सांगितली, काहींची नाही सांगितली. याच धाग्यावरून दिल्लीचे अठराव्या शतकातले सूफी मिर्झा मझहर जानेजानां यांनी लिहिलं होतं की हिंदूंकडेही ईश्वरी ग्रंथ आले असावेत.

व्यवहारात हा प्रश्न ७१२ च्या सुमारास सिंधमध्येच आला. अरब सेनापती मुहम्मद बिन कासिमने अरोर शहर घेतलं तेव्हा तिथल्या मंदिरांचं काय करायचं, तर नवव्या शतकातला इतिहासकार बलाजुरी लिहितो की तो म्हणाला, ही पूजास्थानं ख्रिश्चन-ज्यूंच्या प्रार्थनास्थळांसारखी आणि अग्निपूजकांच्या अग्निगृहांसारखीच. लढाईत रक्त सांडलं होतंच, ते मी पुसत नाही, पण कायद्यात हिंदू आणि बौद्ध दोघांना संरक्षित लोकांत धरलं गेलं. इस्लामी कायद्याच्या पंथांपैकी आपल्याकडे जास्त चालणाऱ्या हनफी पंथानेही हेच मानलं. शाफई पंथाने मानलं नाही, त्यांनी ती सवलत ग्रंथधारक आणि अग्निपूजकांपुरतीच ठेवली.

उमरेड_रोडचे_काका

मले कुराण येत नाही बाप्पा, पण आपल्या नागपुरात ताजबागेत, ताजुद्दीन बाबाच्या दर्ग्यावर, लहानपणापासून जाऊन राहिलो. ताजुद्दीन बाबाले राघोजीराजे भोसल्यांनं शकरदऱ्याच्या वाड्यावर आणून ठेवलं होतं, १९२५ मध्ये बाबा गेले, आजही उरुसाले अर्धे लोक हिंदूच दिसतात. हे ग्रंथात नाही लिहिलं हे समजते मले, ताई म्हणतील की दर्गा वेगळा अन् ग्रंथ वेगळा, बरोबरच आहे. पण ग्रंथ वाचणारे माणसं शेजारी कसे राहिले तेही पाहाच लागते ना. अन् पोट्टेहो, ग्रुपवर एकमेकाच्या देवाले शिव्या देणं बंद करा पहिले.

मोमिनपुरा_मास्तर

काका, तुम्ही म्हणता ते तर कुराणातच आहे, ६:१०८. ते लोक अल्लाहला सोडून ज्यांना हाक मारतात त्यांना शिव्या देऊ नका, नाहीतर तेही अज्ञानाने अल्लाहला शिव्या देतील. आमच्या पोरांना मी ही आयत पाठ करायला लावतो.

धरमपेठ_वाचक

मास्तर, तुमचं दोन प्रश्नांचं म्हणणं मला पटतं. माझी अडचण एवढीच की ९:२९ सारख्या आयतीबद्दल तुम्ही इथे जे लिहिलं ते मशिदीत, मदरशात तेवढ्याच स्पष्टपणे सांगितलं जायला हवं, नुसतं आमच्यासमोर नको. आणि हीच अपेक्षा मी माझ्या घरच्यांकडूनही ठेवते, आपल्या ग्रंथांतल्या टोचणाऱ्या ओळींबद्दल.

मोमिनपुरा_मास्तर

मान्य ताई. आमच्यातही हे बोलणारे आहेत, कमी आहेत. वाढायला पाहिजेत.

हिंगणा_रोड

सगळ्यांचे आभार, खूप कळलं. एक छोटी शंका राहिली. मित्र माझ्या डब्यातलं सगळं खातो पण गणपतीचा प्रसाद घेत नाही, हात जोडून नको म्हणतो. मला दरवर्षी वाईट वाटतं. हे त्या शिर्कमुळेच का?

मोमिनपुरा_मास्तर

हो, त्यामुळेच. देवाला वाहिलेलं खायचं नाही असं बहुतेक उलेमा (धर्मपंडित) सांगतात, २:१७३ चा आधार घेतात. काही जण त्यात सवलतही काढतात, पण त्याच्या मनाला पटत नसेल तर आग्रह करू नका. तो तुम्हाला नाही म्हणत नाहीये, तुमच्या डब्यातलं तो खातोच आहे. मोदक वाहण्याआधी थोडे बाजूला काढून ठेवा आणि तसं सांगून द्या, आमच्या शेजारच्या देशपांडे वहिनी तसंच करतात आणि आम्ही आवडीने खातो. आणि ६० वी सूरह पूर्ण वाचा, फक्त १३ आयती आहेत, नंतर मित्रालाच विचारा. त्याला राग नाही येणार.