मदत हवी आहे: दिवंगत सहकाऱ्यांची मोडीची टिपणे कशी जपावीत?

नमस्कार. आमच्या इतिहास विभागातील ज्येष्ठ सहकारी, ज्यांना विद्यार्थ्यांसह आम्ही सगळेच ‘सर’ म्हणत असू, गेल्या महिन्यात हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेले. आदल्याच दुपारी त्यांनी मोडीच्या वर्गात एक जुना रुमाल (कागदपत्रांचे कापडी बासन) सोडून त्यातली पत्रे मुलांकडून वाचून घेतली होती.

वहिनींनी त्यांचे कागद विश्वासाने माझ्याकडे सोपवले आहेत. बुटांच्या खोक्यांत रचलेली शेकडो कार्डे आहेत. प्रत्येकावर मोडीतला शब्द, खाली देवनागरी लिप्यंतर आणि जिथे वाचन पक्के झाले नाही तिथे पेन्सिलीने काढलेले बारीक प्रश्नचिन्ह. ते दिसले की माझा हात थांबतो.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले, तेव्हा तिथल्या स्नेह्यांनी १९२७ मध्येच राजवाडे संशोधन मंडळ स्थापून त्यांचे कागद सांभाळले. त्यांचा धातुकोशही (मराठी क्रियापदांच्या मूळ रूपांचा कोश) मागाहून छापून निघाला. शोकसभा आम्हीही घेतली, पण सरांचे खरे स्मरण या कार्डांत आहे, असे मला मनापासून वाटते.

कार्डांचा मूळ क्रम न मोडता स्कॅनिंग कसे करावे आणि तोवर कसरीपासून ती कशी जपावीत? स्मृतिग्रंथात ही टिपणे छापताना प्रश्नचिन्हे तशीच ठेवावीत, की जाणकारांचे वाचन वेगळ्या टाइपात शेजारी द्यावे? आमचे अर्थ त्यांच्या नावावर जाऊ नयेत, एवढी काळजी आहे. असे काम केलेल्यांनी कृपया सांगावे. वहिनींना पुढच्या आठवड्यात उत्तर द्यायचे आहे.