थकलेलं भाडं: मागे लागावं की पाणी सोडावं?

धागाकर्ता
भाडेकरू जागा सोडून गेला त्याला दोन महिने झाले. चार महिन्यांचं भाडं थकलंय, हाताशी डिपॉझिट दोनच महिन्यांचं. आधी "पगार झाला की टाकतो" असा मेसेज तरी करायचा. आता नुसत्या निळ्या खुणा दिसतात. माझं मत पक्कं आहे, कोर्टात खेचायचं. भिंतींच्या रंगाचा खर्चही त्याच्याच माथी मारणार.

पोळलेला
राग आला म्हणून दावा लावू नका. माझ्या बाजूने निकाल लागला होता. कागद हातात आला, पैसे नाही. वसुलीसाठी पुन्हा वेगळा अर्ज, आणि माझा भाडेकरू नोकरी कुठे करतो, त्याचं खातं कुठल्या बँकेत, हे हुडकायचं कामही माझंच. तोवर गड्याने नोकरी बदललेली. वकिलाला किती दिले ते लिहीत नाही, बायको वाचते हे.

सोडायचं नाही
म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. तो "टाकतो"वाला मेसेज जपा, देणं कबूल केल्याचा पुरावा आहे तो. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, मूळ मेसेज फोनमध्ये राहू द्या. बँकेचं स्टेटमेंट काढून कुठल्या महिन्याचं आलं, कुठल्याचं नाही, ते मांडा. मग पोच मिळेल अशी लेखी नोटीस. काहीजण तिथेच नरमतात. फक्त वर्षानुवर्षं थांबू नका, दाव्याला मुदत असते.

भाड्यानेच राहणारी
डिपॉझिट वळतं करून बाकी किती, हा हिशोब त्याला लेखी दिलात का? आणि किल्ली कुठल्या तारखेला मिळाली? रंग तर राहून राहून उडणारच, ती रोजची झीज. ती भाड्यात घुसडलीत तर खऱ्या मागणीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. माझ्या एका मालकाने खिळ्याच्या तीन भोकांसाठी अख्ख्या खोलीचा रंग कापला होता. तेव्हापासून मालकांच्या हिशोबाकडे मी जरा तिरकंच बघते.

धागाकर्ता
किल्ली शेजाऱ्यांकडे टाकून गेला, तारीख त्यांना विचारावी लागेल. हिशोब तोंडीच झालाय. बरं, रंग सोडला. नोटीस मात्र जाणार म्हणजे जाणार.

पोळलेला
हप्ते मागितले तर द्या, पण लिहून घ्या. आणि नोटीस पाठवणार कुठे? नवा पत्ता आहे?

धागाकर्ता
…तोच शोधतोय.