कुलदेवता की कुलदैवत? पत्रिका छापायला जायची आहे

मुक्कामपोस्ट: पुतणीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर माझ्या गळ्यात पडलाय. वर ‘कुलदेवता श्री खंडोबा प्रसन्न’ लिहिलं, तर मोठ्या काकूंनी फोनवरच झापलं. “खंडोबा काय बाई आहे? कुलदैवत लिही!” घरातल्या आधीच्या दोन्ही पत्रिकांत ‘देवता’च आहे. बरोबर काय? उद्या संध्याकाळी छापखान्यात द्यायचंय.

जुनी_वही: ‘देव’ला ‘तल्’ प्रत्यय लागून ‘देवता’ होतो आणि असे शब्द संस्कृतात स्त्रीलिंगीच, मग तो अग्नी असो की इंद्र. अमरकोशात ‘दैवतानि पुंसि वा देवताः स्त्रियाम्’ असं स्वच्छ दिलंय. लिंग शब्दाचं, देवाचं नव्हे. पुरुषालाही ‘ती व्यक्ती’ म्हणतोच की. काकूंना नमस्कार सांगा.

रानजाई: संस्कृत राहू द्या हो. मराठीत ‘देवता’ म्हटलं की डोळ्यांपुढे नऊवारीच येते. ‘खंडोबा ही देवता’ हे लेखांत. जेजुरीच्या पायऱ्या चढणारा नुसतं ‘देव’ म्हणतो. काकूंना माझं मत!

गुहागरी: आमच्यात प्रश्नच नाही. कुलदैवत व्याडेश्वर, कुलस्वामिनी अंबेजोगाईची योगेश्वरी. दैवत देवाला, देवीला स्वामिनी.

जुनी_वही: मग ‘तुळजाभवानी हे महाराष्ट्राचं दैवत’ कसं चालतं?

गुहागरी: भाषणात काहीही चालतं.

चिंचगूळ: तुमचं देवता-दैवत चालू द्या, माझं गाडं ‘देव’वरच अडलंय. दसऱ्याआधी आजी देव घासायला काढायची. चांदीचे टाक, तळहातात मावतील एवढे. खंडोबाच्या टाकावर घोड्याच्या पायांत भंडारा असा बसलेला की चिंचेनं कितीही घासा, पिवळाच. झिजले की उजळायला जायचे. यंदा नातवाला म्हटलं, “देव सोनाराकडे गेलेत.” तो म्हणतो, “का? सोनं घ्यायला?” त्याच्या इंग्रजीत मूर्ती वेगळी, देव वेगळा. आपल्याकडे टाक म्हणजेच देव. हे त्याला कसं सांगू?

रानजाई: हेच ‘देवी’चं. ‘आजोबांना लहानपणी देवी आल्या होत्या’ याचं एका मुलानं भाषांतर केलं की घरी देव्या पाहुण्या आल्या! रोगाला नावानं हाक मारायची नाही, वर आदरार्थी बहुवचन. 1980 साली देवीचं निर्मूलन जाहीर झालं तरी आईच्या दंडावरचा व्रण अजून ‘देवी काढल्याचा’च.

मुक्कामपोस्ट: मंडळी, पत्रिका?

अर्धाकप: एवढे शब्द हवेतच कशाला? तेहतीस कोटी म्हणजे तेहतीस प्रकार, कोटी म्हणजे प्रकार. लोकांनी उगाच करोड केले.

जुनी_वही: हे फिरत्या संदेशांतलं. बृहदारण्यक उपनिषदात शाकल्य याज्ञवल्क्याला देव किती विचारतो, तिथे नुसते तेहतीस: 8 वसू, 11 रुद्र, 12 आदित्य, इंद्र, प्रजापती. ‘कोटी’ शब्दच नाही. आणि गाईच्या पोटात तेहतीस कोटी म्हणणाऱ्या आजीला करोडच म्हणायचं होतं. तिची कसली दुरुस्ती करताय?

अर्धाकप: म्हणजे तेहतीसच ना? तेच म्हणतोय!

जुनी_वही: नाही. शाकल्य पुनःपुन्हा विचारतो आणि आकडा बदलत जातो. आधी 3306, मग 33, 6, 3, 2, दीड, शेवटी एक.

गुहागरी: दीड?? अर्धा देव कुठला?

जुनी_वही: दीड म्हणजे वारा. ‘अध्यर्ध’ शब्दावर कोटी केलीय तिथे.

अर्धाकप: बघा! आली ना कोटी!

मुक्कामपोस्ट: अहो, काकूंचा पुन्हा फोन येतोय.