ओढायच्या होडीचे हेलकावे
लहान मुलांनी दोरीने ओढायची चाकांची खेळण्यातली होडी चालताना डुलावी, यासाठी तिला दंतचक्रे (दातेरी चाके) बसवावीत, अशी एक सूचना आहे. ती मला पटत नाही. लहान मुलाच्या हाती अशी दंतचक्रे आठवडाभरही टिकणार नाहीत. त्यापेक्षा मागील दोन्ही ५० मिमी व्यासाच्या चाकांना मध्यापासून ४ मिमी बाजूला, परस्परविरुद्ध दिशांना भोके पाडून ती आसावर घट्ट बसवली, तर एक बाजू वर जाताना दुसरी खाली येते आणि होडी मांडवीत फेरीबोटीच्या लाटेवर आल्यासारखी डुलते. थोडी नागमोडीही चालते, पण ते शोभतेच. माझ्या फणसाच्या लाकडाच्या नमुन्याची चाके म्हापशाच्या घरातील गुळगुळीत लाद्यांवर घसरत होती. अखेर सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे चढवावे लागले. आखूड दोरीने होडीची नाळ (पुढचे टोक) उचलली जाते, म्हणून दोरी लांब ठेवावी, मात्र तिच्या टोकाला फास नसावा.