मदत हवी आहे: मुंबईचं ताज की उदयपूरचं लेक पॅलेस?

नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याचे. आई-बाबांच्या लग्नाला 50 वर्षं होतायत, त्यांना दोन रात्री छान हॉटेलात ठेवायचंय. मुंबईचं ताज महाल पॅलेस की उदयपूरचं ताज लेक पॅलेस, यावर घरात एकमत होत नाहीये.

मुंबई सोयीची. मडगावहून वंदे भारत पकडली की थेट सीएसएमटी. शिवाय बाबांची नोकरी फोर्टात झाली. 1903 सालच्या त्या इमारतीकडे त्यांनी कायम बाहेरूनच पाहिलंय. खोली मात्र जुन्या पॅलेस विंगमध्येच हवी, टॉवरमध्ये नको. समुद्राकडची खोली घेण्याइतका फरक पडतो का? आम्हा गोंयकारांना समुद्राचं अप्रूप नाही, पण समोर गेटवे दिसणं वेगळंच.

आईला उदयपूर हवंय. पिछोला तलावाच्या मधोमध, अठराव्या शतकातला संगमरवरी महाल, मोह पडणारच. पण आत जायचं ते बोटीनं, आणि तिचे गुडघे फार दुखतात. धक्क्यावरून बोटीत उतरताना पायरी किती खोल असते? हाताला धरायला कोणी असतं का? आतल्या जिन्यांचं काय?

दोन्हीकडे राहिलेलं कोणी असेल तर मनापासून सांगा. डिसेंबरचं बुकिंग करायचंय.